शंभर टक्के सुरक्षित

गुरुराजांनी ‘पाठवा’ दाबलं आणि अड्यारच्या त्या विद्यापीठातले हजारो फोन एकदम किंचाळले. ही सराव-सूचना आहे. सुरक्षित असाल तर एक दाबा, मदत हवी असेल तर दोन. समोरच्या पडद्यावर एकेका नावापुढे हिरवा ठिपका उगवू लागला. कॉफीचा पेला तसाच हातात धरून ते खाली, अगदी खाली सरकत गेले. शरण्या गुरुराज. हिरवा. मग त्यांनी कॉफी प्यायली.

गेल्या वर्षी मुलीने, शरण्याने, ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हा ‘या घरात पाय ठेवू नकोस’ असं ते बोलून गेले होते. वेस्ट मांबलमच्या त्या फ्लॅटमध्ये त्यांचं एरवी कुणी काही ऐकत नसे. एवढं मात्र तिने ऐकलं. ती हॉस्टेलवर गेली, आईबापांचे दोन्ही नंबर ब्लॉक करून टाकले, आणि दारात दिसलात तर विद्यापीठच सोडून जाईन, असा मैत्रिणीकरवी निरोप धाडला. हॉस्टेलची गच्ची गुरुराजांच्या खिडकीतून दिसते. गच्चीवर वाळणारे कपडेही दिसतात. कुणाचे ते कळत नाही.

पण ते आपत्कालीन सूचना कक्षाचे प्रमुख होते. वर्षातून एकदा व्हायचा तो सराव त्यांनी महिन्यावर आणला, मग आठवड्यावर. पोरं शिव्या घालत. कुलगुरूंना त्यात कर्तव्यदक्षता दिसली आणि त्यांनी गुरुराजांना शाल पांघरली. सराव संपला की गुरुराज घरी फोन करून बायकोला, हेमावतीला, एकच शब्द सांगत. सेफ. त्या शब्दावर दोघांचा आठवडा निघे.

आज फोन लावायच्या आधी वेंकट आत आला. ही यंत्रणा चालवणाऱ्या कंपनीचा हा माणूस खुशीत होता. सज्जतेच्या पुरस्कारासाठी विद्यापीठाचं नाव पुढे गेलं होतं. फक्त परीक्षकांनी मूळ नोंदी मागितल्या होत्या, आणि त्या जरा सारवून द्याव्या लागणार होत्या.

“सारवून म्हणजे?”

वेंकटने हसत खुर्ची ओढली. पोरं कुठे उत्तर देतात, सर. तुम्ही महिन्याला सराव सुरू केलात, त्यातल्या पहिल्याला थोडी दिली, पुढे कंटाळली. कुलसचिवांना तर बैठकीत शंभर टक्के लागतात. म्हणून जो उत्तर देत नाही तो सुरक्षित, असं त्याने तेव्हाच बसवून दिलं होतं. तुम्हाला माहीत असेल असं वाटलं, सर.

गुरुराजांनी पेला टेबलावर ठेवला. मग एका नावावर बोट ठेवून, हिची मूळ नोंद काढ, म्हणाले. आडनावाच्या जागी काय आहे ते वेंकटने वाचलं आणि त्याचं हसू गेलं.

“एकदाच उत्तर आहे, सर. पहिल्या सरावाला.” त्याने ओळ पुन्हा वाचली. “दोन दाबलंय.”

“पण ठिपका हिरवा होता.”

“सराव होता ना, सर. सरावात दोनचं काही करायचं ठरलंच नव्हतं. उत्तर आलं की हिरवा.” मग तो म्हणाला, “पुष्कळ जण गंमत म्हणून दाबतात.”

गुरुराज चपला शोधू लागले. चपला पायातच होत्या. ते जिन्यात पोचले तेव्हा हेमावतीचाच फोन आला.

“अहो, आज फोन नाही केलात. सेफ ना?”

“मी हॉस्टेलवर जातोय.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

“अय्यो, नका जाऊ. तुम्हाला बघितलं की ती निघून जाईल.”

“असली तर जाईल,” गुरुराज म्हणाले आणि जिना उतरू लागले.