अहो-जाहो

"अहो, तोंडातून काढा ते," असं ती बाई माझ्या मुलीला म्हणाली आणि मी कान टवकारले.

मुलगी दीड वर्षाची. तोंडात उशीचं टोक. घरात तिला कुणी ठमी म्हणतं, कुणी भवानी. अहो-जाहो करण्याइतकी भीड तिची आजवर कुणी ठेवली नव्हती. नवरा खुदकन हसला. मला मात्र ही मुलाखतीपुरती सोंगं वाटली.

कपड्यांच्या मोठ्या दुकानात परत आलेला माल घ्यायला मी बसते. 'एकदाही घातला नाही हो' म्हणणाऱ्याच्या शर्टाची कॉलर आधी हुंगायची आणि मग गोड बोलायचं, ही माझी रीत. सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं, रजा आणखी वाढणार नव्हती, आणि पोरगी कुणाच्या हवाली करायची ते ठरत नव्हतं. आधी येऊन गेलेल्यांपैकी एकीची नखं वाढलेली होती, दुसरी ठमीकडे कमी आणि टीव्हीकडे जास्त बघत होती. दोघींना मी चहा पाजून वाटेला लावलं. हिच्यात खोट सापडत नव्हती. न सांगता हात धुऊन ती मुलीजवळ बसली होती, केस घट्ट बांधलेले, उत्तरं मोजकी. त्यामुळेच मी जास्त बेचैन झाले.

आधीचं घर का सुटलं, असं विचारल्यावर ती म्हणाली, "तिथली मुलगी मोठी झाली."

"किती मोठी?"

"तीन वर्षांची."

तीन वर्षांची मुलगी काय स्वतःच्या वेण्या घालते? माझ्या मनात पाल चुकचुकली. नवऱ्यानं मला स्वयंपाकघरात ओढलं आणि दबक्या आवाजात सुनावलं, की तू बाई ठेवायला बसली आहेस की चोर पकडायला. मी म्हटलं, बिघाड नाही तर परत का आलं, एवढंच मला कळू दे. आधीच्या घरचा नंबर बाईनंच दिला होता. मी गॅलरीत जाऊन फोन लावला.

तिथल्या बाईंनी तोंड भरून कौतुक केलं. इतकं, की मला वाटलं ही ब्याद माझ्या गळ्यात मारताहेत. मग सोडलंत कशाला, असं मी सरळच विचारलं.

"आमची मुलगी तिला आई म्हणायला लागली," त्या म्हणाल्या. "मला नावानं हाक मारायची. बाईची काही चूक नव्हती हो. मलाच बघवेना."

मी आत आले. ठमी बाईच्या मांडीवर चढू बघत होती आणि बाई तिला "अहो, इथं बसा" म्हणत अलगद शेजारी बसवत होती. तो सगळा आदर कशासाठी होता ते मला तेव्हा उमगलं.

"त्या मुलीलाही अहोच म्हणायचात का, मावशी?"

बाईनं मान खाली घातली. फोन कुणाला गेला होता ते तिला कळलं असावं. "तिला अगं म्हणायचे. अगं म्हटलं की माझं मला आवरत नाही, ताई."

मला तिची दया आली आणि खरं सांगते, दयेपेक्षा भीती जास्त वाटली. चोरी, मारझोड, हलगर्जी, सगळ्यांवर माझे प्रश्न तयार होते. पोरीवर जीव जडला तर काय करशील, हे मी कुणालाच विचारलं नव्हतं. पण स्वतःच्या मायेला इतकं भिऊन असणाऱ्या बाईला नकार द्यायला जीभ रेटेना, आणि तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडे ठमी सोपवायचा धीरही होईना. सोमवारपासून या, मी म्हणाले. आणि वर मोठा आव आणून म्हटलं, "तिला अगं म्हणा. एवढ्याशा पोरीला अहो शोभत नाही."

"नको, ताई. तेवढं सोडून सांगाल ते करीन."

सोमवारी मी निघाले तशी ठमीनं टाहो फोडला. मी दार ओढून घेतलं आणि जिना उतरायला लागले. खालच्या मजल्यावर पोचले नाही तोच रडणं थांबलं. मला हायसं वाटायला हवं होतं. मी कठडा धरून तिथंच उभी राहिले, ती पुन्हा रडतेय का ते ऐकत.