गाडी कोण चालवत होतं

कल्याणीने डाव्या हाताने वरणभात कालवला, त्याचा लहानसा गोळा केला आणि मैत्रीच्या तोंडापुढे धरला. डाव्या हाताला घास करायची सवय नव्हती. गोळा वाटेतच फुटायचा आणि शितं फ्रॉकवर सांडायची. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्यातल्या झोळीत पडलेला.

"मग आई गाडीत बसली. कुठे बसली?"

"पुढे."

"पुढे कुठे?"

"खिडकीपाशी. आणि मी तुझ्या मांडीवर." मैत्रीने ओठ मिटून घेतले. घास बाहेरच राहिला.

"नाही गं राणी. ती दुसरी गोष्ट. ह्या गोष्टीत आई कुठे बसते? गोल चाक असतं ना, तिथे."

"तिथे बाबा बसतात."

"ह्या गोष्टीत आई बसते."

मैत्रीने हनुवटीवरच्या पट्टीची कड नखाने जराशी उचलून पाहिली. टाके दुखतात का, हे ती अशीच अधूनमधून तपासून बघायची.

"मग मी कुठे बसते?"

"बाबांच्या मांडीवर."

"आणि मग?"

तोंड उघडलं. घास आत गेला.

धम्मदीप दारात उभा राहून ऐकत होता. अपघातापासून तो रांजणगावला कंपनीत गेला नव्हता. त्याने पाण्याचा पेला भरून आणला, कल्याणीच्या डाव्या हाताशी ठेवला आणि तिच्याकडे न बघता परत आत गेला.

शिक्रापूरला त्याच्या मित्राच्या मुलाचं बारसं होतं. तिथून वाघोलीला परत येताना पुढच्या ट्रकने करकचून ब्रेक मारला आणि गाडी त्याच्या मागच्या चाकांत शिरली. चालवत धम्मदीप होता. कल्याणी शेजारी, मैत्री तिच्या मांडीवर पेंगलेली. तेव्हा आपण काय केलं हे कल्याणीला नंतर कुणी विचारलं असतं, तर तिला सांगता आलं नसतं. ती वळली होती एवढंच. मैत्रीचं डोकं स्वतःच्या पोटात कोंबून, हात मध्ये घालून, पाठ पुढे करून. हाताचं हाड मोडल्याचा आवाज तिला ऐकू आला होता, पण तो गाडीचा असेल असं वाटलं होतं.

हॉस्पिटलात तिला प्लास्टरच्या खोलीत नेलं, तेव्हा धम्मदीप बाहेर पॅसेजमध्ये विमा कंपनीला फोन लावून उभा होता. पलीकडच्या मुलीने गोड आवाजात विचारलं, चालकाचं नाव? लायसन नंबर? वैधता कधीपर्यंत? त्याने पाकिटातून लायसन काढलं आणि तारीख वाचली. मुदत दिवाळीतच संपलेली होती. कॉलेजात असताना काढलेलं लायसन. तेही कधी संपतं, हा प्रश्न त्याला इतक्या वर्षांत पडला नव्हता.

"सर, आपण लाइनवर आहात का?" मुलीने विचारलं.

त्याने बायकोचं नाव सांगितलं.

कल्याणीचं लायसन नवं होतं. हट्टाने काढलेलं, आणि मग सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी पुढेमागे करण्यापुरतं वापरलेलं. घरी आल्यावर त्याने तिला सगळं सांगितलं. 

"गॅरेजवाला म्हणतोय, टोटल लॉस. क्लेम नाही मिळाला तर भंगाराचे हप्ते भरत बसायचं. मला दुसरं काही सुचलंच नाही गं."

"बरं केलंत," ती म्हणाली होती. मैत्री शेजारी झोपलेली होती, तिचा श्वास नीट चालू होता. त्यापुढे नावाचं काय एवढं?

पण नाव एकटं राहिना. कल्याणी स्टेअरिंगमागे गेली, तर शेजारच्या सीटवर धम्मदीप आला. आणि धम्मदीप तिथे आला, तर मूल त्याच्या मांडीवर गेलं. पहिल्या दोन दिवसांतच गोष्ट आपली आपण पुरी झाली.

अमरावतीहून सासूबाईंचा फोन यायचा. त्यांना खरं सांगायचं नाही असं ठरलं होतं, कारण प्रेमलाबाईंच्या पोटात काही राहत नसे आणि पुण्यात त्यांचे नातेवाईक सगळीकडे पसरलेले होते.

"धम्मानं पोरीला छातीशी धरलं म्हणून लेकरू हाती लागलं," त्या स्पीकरवर सांगायच्या. "बापाचं काळीज असतं ते. आणि कल्याणी, तुला गाडी नीट येत नाही, तर हायवेवर हातात घ्यायची कशाला बाई?"

"चुकलं, आई."

"चुकलं काय! थोडक्यात निभावलं म्हण."

धम्मदीप फोन हातात धरून खिडकीबाहेर पाहत राहायचा. एकदा तो "आई, तसं नाही" असं म्हणाला. मग लगेच रेंज नाही असं सांगून त्याने फोन ठेवला.

लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या शेफालीने कल्याणीच्या प्लास्टरकडे पाहिलं. "काय हो, आता रिक्षाच बरी, नाही का? मी तर ह्यांना सांगूनच टाकलंय, मला मेलीला चावीसुद्धा देऊ नका. आणि मैत्रीचे बाबा म्हणजे खरंच! आमचे हे असते तर आधी मोबाइल वाचवला असता."

कल्याणी हसली. हसायलाच हवं होतं.

मग विम्याचा एजंट राकेश येऊन गेला. सोफ्याच्या कडेवर बसून तो हलक्या आवाजात म्हणाला, "वहिनी, सगळं ठीक आहे. फक्त हे पिल्लू सांभाळा. सर्व्हेअर लोक लई बेरकी. चॉकलेट देतात आणि विचारतात, बाळ, गाडी कोण चालवत होतं?"

त्या संध्याकाळी धम्मदीपने मैत्रीला समोर बसवून सांगायचा प्रयत्न केला. ती ऐकेना. "बाबांना गोष्ट येत नाही," असं म्हणून ती उठून गेली. तिच्या लेखी गोष्ट सांगावी आईने, तीही जेवताना. बाकी सगळी नुसती बडबड. म्हणून ते काम कल्याणीकडे आलं.

आणि कल्याणीला गोष्ट चांगली सांगता येत होती. तिने ट्रकच्या मागे रंगवलेले दोन मोठे डोळे घातले. रस्त्याच्या कडेचे उसाच्या रसाच्या गाड्यांवरचे दिवे घातले. झोपाळलेली मुलगी घातली. एकेक घास, एकेक वाक्य. काही दिवसांनी मैत्री स्वतःच ताट घेऊन यायची आणि म्हणायची, "गाडीची सांग."

एकच जागा कल्याणीला जमायची नाही. "मग बाबांनी मैत्रीला असं घट्ट धरलं" इथे मैत्री थांबवायची. "कसं? दाखव ना." मग कल्याणी ताट बाजूला सारून डाव्या हाताने तिला ओढून घ्यायची, तिचं डोकं पोटाशी दाबायची. "असं. बाबांनी असं धरलं." मैत्रीच्या केसांना अजून हॉस्पिटलच्या औषधाचा वास होता. कल्याणी जरा जास्त वेळ तशीच राहायची.

लिमये शनिवारी सकाळी आले. नुकसान तपासायला विमा कंपनीने नेमलेले सर्व्हेअर. शिडशिडीत, साठीकडे झुकलेले, बोलणं पेठेतलं. त्यांनी दाराशी चपला काढून जोडीने नीट लावल्या आणि खुर्चीवर टेकले.

"चहा नको," कुणी विचारायच्या आधीच ते म्हणाले. "चहा घेतला की लोकांना वाटतं, क्लेम पास झाला."

धम्मदीप कसनुसा हसला.

"गाडी गॅरेजला पाहून आलो. चेसिस गेलेली आहे. दुरुस्तीत अर्थ नाही, टोटल लॉसच धरावा लागेल. त्याबद्दल वाद नाही." त्यांनी पेनचं टोपण काढलं. "बाई, गाडी आपण चालवत होतात?"

"हो."

"रोज चालवता?"

"नाही. कधीतरी."

"कधीतरी, आणि तीही थेट नगर रोडला. धाडस आहे." त्यांनी लिहून घेतलं. "ड्रायव्हरची सीट पार मागे सरकवलेली आहे. आपली उंची बघता पाय पोचले नसते."

"टोइंगवाल्याने केली असेल मागे," धम्मदीप घाईने म्हणाला.

"असेल. टोइंगवाले उंच असतात." लिमयांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "हात कशावर आपटला?"

"स्टेअरिंगवर," कल्याणी म्हणाली.

"स्टेअरिंगवर दोन्ही हात असतात, नाही का? आणि स्टेअरिंगला साधा ओरखडा नाही. शेजारचा डॅशबोर्ड मात्र फुटलाय."

पंखा फिरत होता. कल्याणी प्लास्टरच्या कडेचा एक धागा ओढत राहिली. लिमयांनी आणखी एक प्रश्न विचारला, तर आपल्या तोंडून सगळं बाहेर पडेल, असं तिला वाटलं. आणि तो प्रश्न त्यांनी विचारावा म्हणून आपण वाट बघतोय, हेही तिच्या लक्षात आलं. तिने धम्मदीपकडे पाहिलं. त्याने दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून धरले होते.

आतल्या खोलीतून मैत्री बाहुलीचा पाय धरून बाहेर आली आणि आईच्या खुर्चीला टेकून उभी राहिली.

"घाबरू नका," लिमये म्हणाले. "मी लहान मुलांना काही विचारत नाही. पापात भर नको."

पण मैत्रीला गाडी हा शब्द आतूनच ऐकू आला होता.

"आई गाडी चालवत होती," ती म्हणाली. "आणि ट्रकला मागे मोठे डोळे होते. आणि रसाचे दिवे होते. मी बाबांच्या मांडीवर झोपले होते. मग धडाम झालं. मग बाबांनी मला असं घट्ट धरलं, पोटात घातलं, आणि बाबांची बांगडी मला इथे लागली."

तिने हनुवटीवर बोट ठेवलं.



बांगडी गोष्टीत नव्हती. सांगताना कल्याणीने तिचा उल्लेख कधीच केला नव्हता. त्या दिवशी बारशाला जाताना तिने उजव्या हातात पितळी बांगडी चढवली होती आणि हॉस्पिटलात सूज वाढायच्या आत नर्सने ती कापून काढली होती. तिच्या कडेने मैत्रीची हनुवटी फाटली, हे धम्मदीपलासुद्धा ठाऊक नव्हतं. कल्याणीने ते कुणालाही सांगितलं नव्हतं.

लिमयांनी चष्मा काढला. विचारायचं नाही असं म्हणाले होते, तरी जरा पुढे वाकले.

"बाबा बांगड्या घालतात का गं?"

मैत्रीने बाबांच्या हाताकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. कल्याणीने ओढणीखालचा डावा हात बाहेर काढला आणि मनगट वर करून मांडीवर ठेवलं. तो मोकळा होता. अपघातानंतर तिने त्या हातातलंही सगळं उतरवून ठेवलं होतं. मैत्री त्या मोकळ्या मनगटाकडे बघत राहिली. तिच्या कपाळावर बारीक आठी पडली. काहीतरी शोधताना पडायची तशी. 

"नाही," मैत्री म्हणाली. आठी गेली. "बांगडी नव्हती. बाबांचं घड्याळ लागलं."

आणि ती जाऊन बाबांच्या मनगटावरच्या घड्याळाला हात लावून उभी राहिली.

लिमयांनी चष्मा पुसला, परत चढवला. मग ते कल्याणीकडे वळले.

"बाई, आपल्याला काही सांगायचंय का?"

बाहेरून कचऱ्याच्या गाडीचं गाणं जवळ येत होतं. ते इमारतीखाली येऊन थांबलं, मग पुढे गेलं.

"नाही," कल्याणी म्हणाली.

"बरं." त्यांनी लिहिलेलं वाचून दाखवलं, सपाट आवाजात. उजव्या हाताने सही होणार नव्हती, म्हणून बॅगेतून शाईचं पॅड काढून तिचा डावा अंगठा घेतला. "कंपनी कळवेल. मी आशा दाखवत नाही, तोडतही नाही. निर्णय माझ्या हातात नसतो."

दाराशी चपला घालताना ते मैत्रीकडे बघून म्हणाले, "हुशार आहे मुलगी. सांगितलेलं पक्कं लक्षात ठेवते."

दार लागल्यावर धम्मदीप तिथेच भिंतीला टेकला. "बांगडीचं..." तो म्हणाला. "बांगडीचं तू मला बोलली नाहीस."

"काय बोलायचं?"

"मी जातो. खाली गाठतो त्यांना, सांगतो..." त्याने कडीला हात घातला. हात कडीवरच राहिला. जिन्यावरून उतरणाऱ्या चपला ऐकू येत होत्या, मग येईनाशा झाल्या. त्याने हात काढला.

मैत्रीने तोवर सोफ्यावरच्या उशा खाली ओढल्या होत्या. दोन पुढे, एक मागे. मागच्या उशीवर बाहुली.

"आपण गाडी-गाडी खेळू. चला."

कल्याणी खाली बसली. तिने डावा हात पसरला. "ये. माझ्या मांडीवर बस. आज मी तुला धरते."

"तू नाही!" मैत्री तिच्या चुकीला हसली. अगदी मनापासून, आई काहीतरी भलतंच बोलल्यासारखं. "तू गाडी चालवतेस. तिकडे बस." तिने धम्मदीपला हात धरून खाली बसवलं, त्याच्या मांडीवर चढली आणि त्याचे दोन्ही हात आपल्याच हातांनी ओढून स्वतःभोवती घट्ट गुंडाळून घेतले. त्याचं तोंड तिच्या केसांत गेलं. ते वर आलं नाही.

कल्याणी सरकून त्याच्या शेजारच्या, पुढच्याच उशीवर बसली. अंगठ्याची शाई अजून ओली होती. ती कुठे लागू नये म्हणून तिने हात जरा लांब धरला, हवेत, चाकावर ठेवावा तसा.

शेजारून मैत्री म्हणाली, "आई, आता तरी हळू चालव हं."