हळू आवाजातलं गाऱ्हाणं

आबा तांडेलांच्या गाऱ्हाण्याला देवबागात तोड नव्हती. नवी होडी पाण्यात ढकलायची असो की कुणाचं लग्न, नारळ हातात धरून आबाच देवाला साकडं घालायचे आणि त्यांच्या प्रत्येक वाक्यामागे जमलेली माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणून ओरडायची.

पण पाच वर्षांच्या नातीला, रियाला, रक्ताचा कॅन्सर निघाल्यापासून घरातलं हे सहावं गाऱ्हाणं होतं. सकाळीच ती गोव्याच्या हॉस्पिटलातून केमोचा डोस घेऊन आली होती. आबांना खरं तर देवाचाच राग आला होता. इतक्यांदा सांगूनही कानावर घेत नाही म्हणजे काय!

“बा देवा म्हाराजा, माझ्या नातीची पीडा दूर कर!”

“व्हय म्हाराजा!” शेजारी ओरडले. सुनेचा आवाज मात्र आला नाही. आबांनी वळून पाहिलं. रियाला मांडीवर घेऊन, भिंतीला टेकून नम्रता चक्क झोपली होती. आबांचं डोकं फिरलं. आईच ‘व्हय’ म्हणत नसेल तर देव कशाला म्हणेल?

“गो नम्रता...”

“आबा, बोंबलू नको,” रिया म्हणाली. टोपी सरकून तिचं तुळतुळीत डोकं उघडं पडलं होतं. तिने हात जोडले आणि हळूच गाऱ्हाणं घातलं, “माझ्या आयेक वायच निजांदे, म्हाराजा.”

चाळीस वर्षं गाऱ्हाणी घालणाऱ्या आबांनी आजवर कधी कुणाच्या गाऱ्हाण्याला ‘व्हय’ म्हटलं नव्हतं. त्यांनी आवाज न करता नारळ खाली ठेवला आणि ओठांतल्या ओठांत म्हणाले, “व्हय म्हाराजा.”