ट्रेबलचे बटण

गाडीत बसताच त्याचा हात सवयीने ट्रेबलच्या बटणाकडे गेला. बटण पुन्हा डावीकडे वळलेले होते. त्याने ते उजवीकडे फिरवले, मगच किल्ली लावली. गाण्यातले बारीक, उंच सूर कमीजास्त करणारे ते एवढेसे गोल बटण गेली दोन वर्षे त्या घरातल्या एका मूक लढाईचे रणांगण झाले होते. सकाळी गाडी बायको कामाला नेत असे; दुपारी ती जेवायला आली की गाडी त्याच्यासाठी ठेवून रिक्षाने परत जाई. ती बटण खाली आणी, तो वर नेई, आणि दोघांपैकी कोणीही त्याविषयी चकार शब्द काढत नसे. हिला संगीतातले काय कळते, असे तो मनाशी म्हणे. ती काय म्हणत असेल, हे विचारण्याचे त्याला कधी सुचले नव्हते.

लोक त्याला भूकंप म्हणत. हे नाव त्याने स्वतः धारण केलेले नव्हते. तरुणपणी एका मित्राच्या गच्चीवर भाड्याचे स्पीकर मांडून त्याने पहिल्यांदा लोकांना नाचवले, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या कपाटातली काचेची बशी फुटली. बाई जिना चढून आल्या त्या ‘कोण भूकंप करतंय?’ असे विचारतच आल्या. गच्ची हसली आणि नाव चिकटले. पुढे तळघरातले नाचघर आले, मग मोठी सभागृहे, मग उघडी मैदाने. दुसऱ्यांच्या रेकॉर्डी एकमेकींत गुंफता गुंफता तो संगणकावर स्वतःच्या रचना बांधू लागला, आणि घरामागच्या खोलीच्या भिंतींना करडा फोम लावून तिथे त्याने आपले आसन मांडले. नादावर त्याची निष्ठा होती, यात संशय नाही. कानात बोळे घालून वाजवणाऱ्यांची त्याला कीव येई. “आचाऱ्याने जिभेला फडकं बांधून चव घ्यावी, तसली तऱ्हा,” असे तो म्हणे.

नवी रचना त्याने जीव ओतून केली होती. ती चालली तर संगीत कंपनी त्याच्याकडून अख्खा अल्बम करून घेणार होती. चाळिशी ओलांडलेल्या डीजेला अशी संधी दुसऱ्यांदा येत नाही, हे तो जाणून होता.

कोणतीही रचना बाहेर पडण्यापूर्वी तिच्यावरून अखेरचा हात एक वृद्ध ध्वनितज्ज्ञ फिरवीत. सारा व्यवसाय त्यांना काका म्हणे. त्या दिवशी त्यांचा फोन आला.

“भूकंप, ऐकला रे ट्रॅक. खालच्या दणक्याचा तळ काय बांधलायस! खुर्चीसकट हललो.”

“मग पाठवा की पुढे.”

“पाठवतो. एकच विचारायचं होतं. ती शिट्टी मुद्दाम ठेवलीयस ना?”

त्याला कुठलीच शिट्टी ठाऊक नव्हती. परंतु ज्याच्या कानावर पोट चालते, त्याने ‘कुठली शिट्टी?’ असे विचारणे म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणे.

“मुद्दाम,” तो म्हणाला.

“नक्की ना? पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे.”

“काका, आज करतोय का मी हे काम? मुद्दामच आहे.”

“बरं बाबा. हल्ली कोणाला काय आवडेल, सांगता येत नाही. शुक्रवारी जाईल मग.”

फोन ठेवून तो खोलीत बसला आणि रचना पुन्हा ऐकली. हेडफोन बदलले, स्पीकर बदलले. शिट्टी नव्हती. म्हाताऱ्याचेच कान वाजत असतील, अशी त्याने मनाची समजूत घातली. पण समजूत काही केल्या बसेना. संध्याकाळी बायकोला आणायला निघाला, तेव्हा वाटभर तीच रचना लावली. तिथेही काही नाही.

बायको दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. ती गाडीत बसली आणि पट्टा लावण्याआधीच तिने बटण डावीकडे फिरवले.

“तू ते दरवेळी खाली का आणतेस?” आज त्याने विचारले.

“तू वर का नेतोस?”

“वर नेलं की मोकळं वाटतं. नाहीतर सगळं रजईखाली वाजल्यासारखं येतं.”

“आणि मला सुया टोचल्यासारखं होतं, त्याचं काय? आज तर कहरच केलायस. दिवसभर लोकांच्या दातांत ड्रिल फिरताना ऐकायचं आणि गाडीत बसलं की पुन्हा तेच.”

“कसलं ड्रिल?”

“अरे, ती शिट्टी. ही बघ, चालूच आहे अजून.” तिने बोट वर धरले.

त्याने गाडी कडेला घेतली. “डोळे मीट,” तो म्हणाला, “आणि शिट्टी असेल तोवर बोट वर ठेव.”

“हे काय नवीन खूळ?”

“मीट ना.”

त्याने संगीत बंद केले; बोट खाली आले. चालू केले, बोट वर गेले. मग त्याने आवाज इतका कमी केला की त्याचा तो लाडका तळही पुसट झाला. बोट वरच होते, निवांत, दिव्याच्या खांबासारखे. तो त्या बोटाकडे बघत राहिला.

बराच वेळ काही घडेना, म्हणून तिने डोळे उघडले. “थट्टा करतोयस का माझी?” असे म्हणता म्हणता तिने त्याचा चेहरा पाहिला आणि तिचा स्वर उतरला. “तुला खरंच नाही येत ऐकू?”

दुसऱ्या दिवशी कानांच्या डॉक्टरांनी त्याला काचेच्या खोलीत बसवून तपासले.

“वरचे सूर गेलेत,” त्या म्हणाल्या. “ते परत यायचे नाहीत. उरलेत ते जपायचे. काम काय करता?”

त्याने सांगितले. डॉक्टरांनी क्षणभर चष्मा काढून हातात धरला.

“म्हणजे ऐकू कमी येतं म्हणून तुम्ही वाढवत गेलात, आणि वाढवल्यामुळे आणखी कमी यायला लागलं. वाजवताना कानात बोळे घालत होतात का?”

त्याने नकारार्थी मान हलवली.

घरी आल्यावर बायको म्हणाली, “काकांना सांगून टाक.”

“सांगितलं की संपलंच. आंधळ्याकडून चित्र कोण काढून घेतं?”

“आणि नाही सांगितलंस तर? मैदानभर लोक कानांवर हात ठेवून उभे राहतील. मग कोण घेणार?”

शुक्रवार अजून उजाडायचा होता. त्याने फोन लावला आणि आडपडदा न ठेवता सगळे सांगितले.

मग काका म्हणाले, “मला वाटलं होतं, तुझी चव बदलली.”

“कधीपासून?”

“झाली दोन वर्षं. तुझं आलं की वरचं सगळं टोचायचं. मी गुपचूप कापून पुढे पाठवायचो.”

“मला बोलला का नाहीत?”

“तू मोठा झालास रे. मोठ्या माणसाच्या चवीला नावं कोण ठेवणार?”

“मग ही शिट्टी का नाही कापलीत?”

“ती कापली की तुझी धूनही जाते. दोघी एकीत एक गुंतल्यात. म्हणून तर विचारलं.”

कंपनीला त्याने त्याच दिवशी खरे कारण कळवले. ‘ट्रॅक दुरुस्त करून द्या, अल्बमचं पुढे बघू,’ असे उत्तर आले. ‘पुढे बघू’ याचा अर्थ त्याला चांगला ठाऊक होता. तो वाईट वाटून घेत बसला नाही, असे म्हणता येणार नाही. एक अख्खी दुपार तो खोलीचे दारही न उघडता बसला होता.

मग त्याने बायकोला बोलावून खुर्ची दिली. रचनेतला एकेक थर बंद करीत तो तिच्या बोटाकडे बघे. एका जुन्या सिंथचा, म्हणजे विजेवरच्या कीबोर्डचा, थर बंद होताच बोट खाली आले. ‘मोकळे’ वाटावे म्हणून त्याने तोच थर पुनःपुन्हा वर चढवला होता. त्याने तो काढून टाकला. धून कोसळली. मग ती त्याने नव्याने बांधली, खाली, जिथे त्याचे कान अद्याप निष्ठावंत होते.

रचना उशिरा बाहेर पडली. एका उघड्या मैदानावर, टळटळीत दुपारी, त्याने ती स्वतः वाजवली. कानांत बोळे होते. तळ पायांतून वर चढत होता आणि लोक नाचत होते. अल्बमविषयी कोणी काही बोलले नाही.

परत येताना तो गाडी चालवीत होता आणि तीच रचना लागली होती. बटण डावीकडे होते. त्याचा हात तिकडे गेला, थांबला आणि पुन्हा स्टिअरिंगवर आला.

“थोडं वर करू का तुझ्यासाठी?” बायकोने विचारले.

“नको. तू सांग, वरती काय चाललंय?”

तिने डोळे मिटून जरा ऐकले. बोट मांडीवरच होते.

“वरती आता मोकळं आहे,” ती म्हणाली.