गळ्यात पडून गायचं गाणं

पहिल्या अल्बमनं मला नाव दिलं, गाडी दिली आणि माझ्या गाण्यांवर वरातीत नाचणारा अख्खा महाराष्ट्र दिला. दुसऱ्याच्या वेळी मी म्हटलं, आता नाचवायचं नाही. आता सोल आणि कंट्री. म्हणजे अमेरिकेतल्या चर्चमधली काळजातून येणारी हाक आणि तिकडच्या गावखेड्यातली गिटार. बोरी अरबजवळच्या तांड्यातली पोरगी अमेरिकेचं खेडं गायला निघाली होती. हसा खुशाल.

नऊ गाणी झाली, दहावं काही जमेना. गिटार होती, ऑर्गन होता, आवाजही लागत होता, पण गाणं कोरडं ठणठणीत. तेव्हा मला ढावलो आठवला.

आमच्या बंजारा समाजात लग्न ठरलं की मुलीला ढावलो शिकवतात. निरोपाच्या वेळी ती एकेकाच्या गळ्यात पडून रडत रडत गाते. भावासाठी वेगळं कडवं, मैत्रिणीसाठी वेगळं, बापासाठी वेगळं. माझ्या मैत्रिणीच्या, बबिताच्या आईनं आम्हा दोघींना बरोबरच शिकवलं होतं. बबिता सगळ्यांच्या गळ्यात पडून गायली आणि नेरला नांदायला गेली. मी लग्नाच्या अठरा दिवस आधी सकाळच्या एसटीनं मुंबईला पळाले, गायला. आई माझ्या लहानपणीच गेलेली. घरात माझा बाप, बापू, एकटा उरला.

अकरा वर्षांनी मी त्याच्यासमोर जाऊन बसले. तो अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होता. बापू थकला, हे बबिता फोनवर सांगायची. पण ऐकणं वेगळं, पाहणं वेगळं. मान पार बारीक झाली होती त्याची. मला माझी लाज वाटली, आणि तरी मी पिशवीतून रेकॉर्डर काढलाच. धंदा कुणाला सुटलाय!

"बापू, बापाचं कडवं अर्धंच आठवते मले. तुह्या गळ्यात पडून म्हटलं तं येईन. म्हणू?"

त्यानं रेकॉर्डरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ढावलो जानारी पोरगी म्हनते," तो म्हणाला. "तू तं गेली. आता कायले?"

त्यानं आणखी दोन शेंगा सोलल्या.

"तुह्या ढावल्यासाठी नवा सदरा शिवला होता म्या. पोरगी गळ्यात पडून रडीन, तं सदरा बरा असावा म्हनून. पेटीत हाये. घडी नाई मोडली अजून."

एवढं बोलून तो शेंगांचं सूप घेऊन आत गेला. मी संध्याकाळपर्यंत अंगणात बसून होते. त्यानं चहा आणून ठेवला, जेवण आणून ठेवलं, पण तो माझ्याजवळ येऊन बसला नाही.

मुंबईत मी दहावं गाणं रेकॉर्ड केलं. गाताना हात आपोआप पुढे गेले, तर साउंड इंजिनिअर काचेपलीकडून म्हणाला, "मॅडम, माइकच्या स्टँडला हात लावू नका, खरखर येते." मग मी हात अंगाशी धरून बापाचं कडवं म्हटलं. अर्धं आठवणीतलं, अर्धं माझं. माझ्या अर्ध्यात सकाळची एसटी होती.

अल्बम निघाला. लोक म्हणाले, दहावं गाणं ऐकून रडू आलं. फुलं आली, फोन आले, आणि त्या रात्री माझ्या फ्लॅटमध्ये माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी इतकी एकटी कधीच नव्हते.

आठवड्यानं बबिताचा फोन आला. ती तांड्यावर बापूकडे गेली होती.

"तुहं गानं लावून देलं काकाले. तं म्हने, थांब. आत गेला अन् कोरा सदरा घालून आला. घड्यायच्या रेघा तशाच. मंग माह्या हातातून फोन घेतला अन् छातीशी, गळ्याजवळ धरून बसला. म्या म्हटलं, काका, असं काहून, कानाले लावा ना."

"मग?"

"तं म्हने, ढावलो असाच आयका लागते."