न दिलेल्यांची यादी

"इर्जिकीला या रंऽ, बैलं घेऊन या, जमंल त्यानं या!" गावानं मिळून फुकट नांगरून द्यायच्या इर्जिकीसाठी आजोबा बांधावरून एकदाच हाक द्यायचे. नांगरायला कोण आलं नाही, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

बारामतीत बसलेल्या सबिनाच्या कानात आज ती हाक होती आणि समोर होती ॲपच्या कामातल्या सोबत्यानं, इंद्रजितनं, तिला न विचारता केलेली यादी. तिचं ॲप कालव्याच्या पाण्याची पाळी सांगायचं. फुकट, आणि आतली घडण, म्हणजे कोड, कुणीही बघावी, बदलावी इतकं खुलं. आता ते उघडलं की आधी त्याच्या खर्चाला आपणहून पैसे न दिलेल्यांची नावं दिसत.

"काढ ती!" सबिना कडाडली.

"मग सर्व्हर काय तुझ्या रागावर चालवायचा?"

तेवढ्यात निरवांगी गावाहून ॲप वापरणाऱ्या प्रयागबाईंचा फोन आला. "पोरी, साऱ्या गावानं माझं नाव वाचलं. आमी काय चोर हाय व्हय? पैसं पायजेत म्हणून तू कवा तोंडानं बोललीस?"

सबिनानं आधी यादी पुसली. मग तीन वर्षं गिळलेलं बोलणं बाहेर आलं.

"पायजेत, मावशी. माझा निम्मा पगार ॲप चालवण्यातच जातो. दिलं तर घेईन. न्हाय दिलं तरी तुमची पाळी तुमाला दिसंल."