सरळपट्टीचे गुडघे

माझा साडू बाइंडर आहे. आम्ही दोघं एकाच धर्मविद्यालयात नोकरीला. तो वाचनालयात जुन्या ग्रंथांना पुठ्ठे चढवतो, मी वायरमन. माणूस इतका सरळ की भिंतीजवळ उभा राहिला तर भिंत वाकडी वाटावी. त्याला सरळपट्टी हे नाव मीच ठेवलं. वीस वर्षांत तो त्यावर एकदाही चिडला नाही. हा माझा जुना राग.

नवा राग त्या आठवड्यातला. वरच्या वर्गातल्या मुलींना ग्रंथ शिकवणाऱ्या बाईंना काढायचं घाटत होतं. बाई मुलींना नुसतं पाठ करायला लावायच्या नाहीत, प्रश्न विचारायला लावायच्या, हा गुन्हा. विश्वस्तांच्या वार्षिक बैठकीत तसा ठराव होणार होता. नियमाप्रमाणे बैठक ठरलेल्या दिवशीच, प्रार्थनागृहातच व्हायला हवी. नाही झाली, तर बाईंची नोकरी पुढच्या वर्षापर्यंत शाबूत.

मुलींनी ठरवलं की त्या दिवशी सकाळच्या मौनाला प्रार्थनागृहात बसायचं आणि मौन संपलं तरी उठायचं नाही. हात जोडून बसायचं, कोणी उचललं तर उचलू द्यायचं. लपवाछपवी नको म्हणून सगळ्यांच्या सह्यांचा कागद आदल्या दिवशीच प्राचार्यांना नेऊन दिला. त्यावर पहिली सही कोणाची? सरळपट्टीची.

मीही गेलो होतो सही करायला. पेन उघडूनच गेलो होतो. तर त्यांच्यातली चष्मेवाली मला म्हणते, "काका, तुम्ही नको. तुम्ही हसवाल."

घरी आलो तर बायको तयारच. "दाजींनी पहिली सही केली म्हणे."

"मीही करत होतो."

"तुम्ही? प्राचार्यांच्या खुर्चीला चाकं लावलीत तेव्हा केली होती का सही?"

ती भाजी चिरत बसली. मी पाणी प्यायलो, तरी छातीतली आग काही जाईना.

आता मौनाबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडे अकराला पहिली घंटा होते आणि अकरा-वीसला दुसरी. दुसरी वाजेपर्यंत प्रार्थनागृहात कोणी बोलायचं नाही, बसलेल्याने उठायचं नाही, कोणी कोणाला हात लावायचा नाही. दाराशी पाऊल ठेवलं की आत येऊन गप्प बसायचं, मग तो कोणी का असेना. प्राचार्य यात फार कडक. मागे एक आचारी दुसऱ्या घंटेआधी 'आग' म्हणून ओरडला, तर त्याला सगळ्यांसमोर माफी मागायला लावली. आग खरोखर लागली होती.

घंटेचं बटण दाराजवळच्या खांबावर आहे. ते दाबायचं काम माझं, म्हणून मला उभं राहायची मुभा.

आणि सरळपट्टीचे गुडघे कामातून गेलेले आहेत. मांडी घालून वीस मिनिटं म्हणजे त्याची हद्द. मला एकदम सुचलं. वीस मिनिटांच्या जोरावर हिरो होतोय काय? तासभर बसवतो. सगळ्यांच्या आधी हाच उठेल, कण्हत, कंबर धरत, आणि बायकोला तिची बहीण स्वतःच सांगेल. बाईंच्या नोकरीचा विचार माझ्या डोक्यात नव्हता. खोटं कशाला बोलू?

सकाळी पहिली घंटा दिली, पॅनेलचं झाकण उघडलं, घंटेचा फ्यूज काढून खिशात टाकला.

आत चाळीसेक जण बसले होते. पुढच्या रांगेत सरळपट्टी, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. शेजारी बाई. समोर व्यासपीठावर प्राचार्य, आणि माझ्याजवळ चार पहारेकरी. घंटा झाली की उचलायला सुरुवात करायची, असा त्यांना हुकूम.

अकरा-वीसला मी सगळ्यांदेखत बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. चेहरा असा केला की जणू माझं कोणी गेलंय. प्राचार्यांनी भुवया उडवल्या. मी खांदे उडवले. त्यांनी बोटाने वायरीकडे दाखवलं. मीही बोटाने वायरीकडे दाखवलं, आणि ती किती छान बसवली आहे म्हणून मान डोलावली. पहारेकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि हळूच खाली बसले.

पावणेबाराला सरळपट्टीच्या कानशिलावरून घाम ओघळायला लागला. मी खूश. 'आता उठेल', म्हटलं.

बाराला विश्वस्त आले. पाच जण, हातात फायली. अध्यक्षांनी बोलायला तोंड उघडलं, प्राचार्यांनी हात जोडून ओठांवर बोट ठेवलं. पाचही जण बसले. खुर्च्या मांडायला उठायचं कोणी? म्हणून खाली, मुलींच्या मागे, जागा मिळेल तिथे. आता लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, विश्वस्तही बाईंसाठीच बसलेत.

साडेबारा. एक वाजला. अध्यक्षांच्या पोटातून लांबलचक आवाज आला. चष्मेवालीने ओठ चावला. मी हसवणार होतो ना? मी तर गंभीर उभा होतो.

पण सरळपट्टी उठेना. त्याचा पाय थरथरताना मला दारातून दिसत होता. त्याने दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरले होते आणि डोळे मिटले होते. मला एकदा वाटलं की पुरे, फ्यूज लावावा. मग त्याच्या ताठ पाठीकडे पाहिलं आणि खिशातला हात खिशातच ठेवला.

पावणेदोनला अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. त्यांची दोनची गाडी होती. ते उठले, प्राचार्यांकडे न बघता चपला घातल्या आणि निघाले. बाकीचे चौघे त्यांच्या मागे. मौन मोडलं ते असं, अध्यक्षांनीच. बैठक झाली नाही, ठराव झाला नाही. मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडायला लागल्या.

सरळपट्टीला दोघींनी धरून उभं केलं. प्राचार्य खाली आले. "घंटा का वाजली नाही?"

सरळपट्टी म्हणाला, "सर, कागदावर पहिलं नाव माझं आहे. जी काही शिक्षा असेल ती माझ्या नावावर लिहा."

त्याला फ्यूज कशाशी खातात हेही माहीत नाही. आणि सगळ्या मुली त्याच्याकडे अशा बघायला लागल्या, बाईसुद्धा, की माझा हात खिशातल्या फ्यूजवर गेला. काम माझं, नाव ह्याचं?

"सर," मी म्हटलं, "फ्यूज माझ्या खिशात आहे." काढून दाखवला. "पॅनेलचं कुलूप माझं, चावी माझी. त्याला बल्बसुद्धा बदलता येत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा मी आपणहून कबूल झालो. चष्मेवालीने प्राचार्यांच्या हातातला तो सह्यांचा कागद घेऊन माझ्यापुढे धरला. सही केली. चाळीस नावांच्या खाली, पण सगळ्यांत मोठी.

सरळपट्टीला तीन दिवसांचं निलंबन आणि मला पंधरा. पत्र मी घरी मोठ्याने वाचलं. बायकोने दोनदा वाचायला लावलं. "पंधरा," ती शेजारणीला सांगत होती, "आमच्या ह्यांना पंधरा." दोन दिवस मी गल्लीतून छाती काढून फिरलो.

तिसऱ्या दिवशी सरळपट्टी काठी टेकत घरी आला. "साडूभाऊ," म्हणाला, "तुम्ही आमच्यासाठी एवढं केलंत. मला वाटायचं, तुम्हाला सगळ्याची थट्टाच."

"गुडघ्यांना शेक घ्या," मी म्हटलं.

"घेतो. आता वेळच वेळ आहे. सकाळी प्राचार्यांकडे अर्ज देऊन आलो. दोष सगळ्यांचा असताना तुम्हाला जास्त शिक्षा हे बरोबर नाही. मलाही पंधराच द्या म्हटलं. दिले त्यांनी."

बायको त्याच्यासाठी चहा टाकायला उठली. जाताना मला म्हणाली, "पाहिलंत?"

पाहिलं. तेव्हापासून मी खिडकीशी बसून सोळावा दिवस कसा मिळवायचा याचा विचार करतोय. प्राचार्यांच्या खोलीतल्या पंख्याची वायरिंग मला तोंडपाठ आहे. फक्त या वेळी आधी सही करून कागद देणार आहे, आणि तो प्राचार्यांच्या हातात पडेपर्यंत सरळपट्टीला काही कळू देणार नाही.